त्र्याऐंशी, ऐंशी, सत्त्याहत्तर

एखाद्याचं लक्ष उडवणं ही आमच्या घरात शिकवावी लागणारी कला नाही. डोंबिवलीत, रुळांना लागून असलेल्या इमारतीत, ती आपोआप अंगात येते. पण तेच काम शास्त्रशुद्ध करायचं म्हटलं की किती घोळ असतो, ते भाचीच्या प्रोजेक्टमुळे कळलं. ती टी. वाय.ला आहे, विषय मानसशास्त्र. व्यत्यय आला की माणसाच्या लक्षात किती राहतं, हे तिला तपासायचं होतं. मला वाटलं, त्यात काय, शब्द वाचून दाखवायचे, मध्येच टीव्ही लावायचा, झालं.

"टीव्हीवर काय लावू? बातम्या की मालिका?" तिने मलाच उलटं विचारलं. "आणि शब्द पाठ करताना लावू, की आठवताना?"

हा दुसरा प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलंय, की पाठ करताना माणसाला दुसरं एखादं काम जोडीला दिलं तर स्मरण चांगलंच घसरतं. तेच काम आठवताना दिलं तर फटका बराच कमी बसतो. आपल्याकडे परीक्षेच्या वर्गाबाहेर कोणी शिंकलं तरी गहजब, आणि अभ्यास मात्र कुकर, फोन आणि पाहुणे यांच्या साक्षीने. काळजी बहुधा चुकीच्या वेळी करतो आपण.

मग शब्दांची यादी. हे काम तिने दोन संध्याकाळी पुरवून पुरवून केलं. सुई घेतली तर दोरा नको, टाळ घेतला तर मृदंग नको, कारण एक दुसऱ्याला ओढून आणतो. फार ओळखीचे नकोत, फार अनोळखीही नकोत. शेवटी पेरू, खिडकी, सुतार, घंटा, रुमाल असे एकमेकांच्या ओळखीपाळखीचे नसलेले शब्द जमले. पहिला प्रयोग माझ्या आईवर, म्हणजे तिच्या आजीवर. टीव्ही मोठ्याने लावला, शब्द वाचले. आईने सगळेच्या सगळे म्हणून दाखवले.

भाचीचा चेहरा पडला.

"अगं, सुतार आला खिडकी बसवायला, रुमालात पेरू बांधून. त्यात विसरण्यासारखं काय आहे?"

"आजी, तू गोष्ट नव्हती करायचीस."

"मग नुसतं लक्षात ठेवायचं? नुसतं कसं राहील?"

हीच अडचण जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउसला आली होती. शब्दाला अर्थ चिकटलेला असतो आणि अर्थाला आठवणी, म्हणून त्याने निरर्थक अक्षरसमूह तयार केले, स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये त्याचं पुस्तक काढलं. भाचीनेही मग नुसती व्यंजनं घेतली. ठ, म, घ. "ठाणे, मुलुंड, घाटकोपर," आई म्हणाली. मध्य रेल्वेने चाळीस वर्षं जिची ने-आण केली, तिला निरर्थक काय देणार?

यावरचा उपाय जुनाच निघाला. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या लॉइड आणि मार्गारेट पीटरसन या जोडप्याने १९५९ मध्ये तीन व्यंजनं सांगून लगेच लोकांना तीन-तीनने उलटे आकडे म्हणायला लावले. मनातल्या मनात घोकायला सवडच द्यायची नाही. अठरा सेकंदांत बरोबर उत्तरांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं. अवघी तीन अक्षरं!

आमच्याकडे मात्र यात एक मराठी पेच पडला. एकोणनव्वद, शहाऐंशी, त्र्याऐंशी, ऐंशी... इथवर आई आली आणि "सत्त्याहत्तर की अठ्ठ्याहत्तर?" म्हणून थांबली. मेहुणे सरळ 'एटी सिक्स, एटी थ्री' करत सुटले. आता एकाला मराठीत आकडे आणि दुसऱ्याला इंग्रजीत, तर दोघांना सारखा व्यत्यय आला असं कसं म्हणणार? माझं मत, मराठी आकडे उलटे म्हणणं हा जास्त जड व्यत्यय. भाचीने ते मत वहीत टिपलं नाही. सगळ्यांनी मराठीतच म्हणायचं, एवढा नियम केला.

मला स्वतःला सर्वांत आवडला तो १९७६ मधला कोल आणि वेल्श यांचा प्रयोग. पडद्यावर दिसणारी अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायची आणि कानावर मात्र जर्मन उतारा. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, तरी चुका वाढल्या. पुढे असंही दिसलं, की एकसुरी, न बदलणारा आवाज त्या मानाने फारसा नडत नाही. पंख्याची घरघर माफ, पण भिंतीपलीकडचं भांडण, मग ते कुठल्याही भाषेत असो, नडणार. इतकी वर्षं मी उगाच स्वतःला चोंबडा समजत होतो.

राहिली शांततेतली परीक्षा. तुलनेला ती हवीच, आणि डोंबिवलीत शांतता आणायची कुठून? कॉलेजच्या ग्रंथालयामागची एक खोली मिळाली. प्रत्येकाची परीक्षा दोन्हीकडे. अर्ध्यांची आधी गोंगाटात, अर्ध्यांची आधी शांततेत, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला जाणार नाही.

सगळं आटोपल्यावर आईने विचारलं, "माझे किती आले?"

"असे एकेकाचे सांगत नाहीत, आजी. सगळ्यांची सरासरी काढतात."

"म्हणजे माझे मार्क तुझ्या बाबांना वाटणार?"