सिंधू आंब्याचे आजोळ

आमच्या वेंगुर्ल्याच्या परड्यात हापूस आणि काजू शेजारी शेजारी उभे आहेत. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की फोड येतो आणि ओले काजूगर काढताना हाताला राख चोळली नाही तर बोटांची सालटी निघतात. बिब्ब्याविषयी तर बोलायलाच नको. ही तिन्ही झाडे एकाच कुलातली. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, पण त्याचे आंब्याशी असलेले नाते गलबतांहून कितीतरी जुने आहे.

असे नाते तपासायला हरितलवकाचा जनुकसंच फार सोयीचा पडतो. पानातल्या हिरव्या कणांचा हा स्वतंत्र, लहानसा जनुकसंच १९८६ मध्ये तंबाखूच्या बाबतीत प्रथमच पूर्ण वाचला गेलेल्यांपैकी एक होता. त्यातील जनुकांचा क्रम एका कुलात सहसा फारसा बदलत नाही, त्यामुळे दोन झाडांच्या जनुकसंचांची (डीएनएची) अक्षरे एकाखाली एक मांडून कुठे काय बदलले ते पाहता येते. आंब्यात ही अक्षरे सुमारे १,५८,००० आहेत, तर काजूत सुमारे १,७२,०००. म्हणून काजूत नवी जनुके आली असे मात्र नाही. या जनुकसंचात एक भाग दोनदा, पण उलट दिशेने लिहिलेला असतो. काजूत त्याची हद्द पुढे सरकली आणि शेजारचा मजकूरही दुहेरी झाला. बांध सरकवून शेजाऱ्याची जमीन आत घेण्याची ही तऱ्हा कोकणात कोणाला समजावून सांगावी लागू नये! तेव्हा नुसत्या लांबीवरून नाते ठरवू नये. दूरच्या नात्यासाठी सावकाश बदलणारी जनुके पाहावीत आणि जवळच्या जातींसाठी जनुकांमधल्या मोकळ्या जागा, कारण तिथे बदल लवकर साठतात.

या पद्धतीची खरी मर्यादा मला सिंधू आंब्यात दिसते. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना झाला, आणि रत्नावर पुन्हा हापूसचा संकर करून सिंधू. पेशीच्या केंद्रकातल्या, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, जनुकांच्या हिशेबाने सिंधू सरासरी बारा आणे हापूस आहे. पण सपुष्प वनस्पतींत हरितलवक बहुधा आईकडूनच येते, आणि सिंधूच्या आईची आई नीलम. केवळ हरितलवक वाचणाऱ्याला सिंधूच्या पानात हापूसचा मागमूसही लागणार नाही.

तपासणीसाठी पान खुडतानाही जपावे लागते. कलमाच्या सांध्याखालून फुटलेला धुमारा रायवळ खुंटाचा असतो, आणि त्याचे हरितलवकही रायवळाचेच.