झाकण उघडणाऱ्या आणि उचलून नेणाऱ्या

दुपारी मधपेटीच्या दारासमोर नुसतं उभं राहिलं तरी एक धडपड हमखास दिसते. एक कामकरी माशी मेलेल्या माशीला पायाला नाहीतर पंखाला धरून उलट्या पावलांनी बाहेर ओढत आणते, फळीच्या काठावर जरा थांबते आणि ते ओझं घेऊन उडू बघते. पुष्कळदा दोघीही खाली गवतात. या कामावर एका वेळी शंभरात जेमतेम एखादी माशी असते. तीही मधल्या वयाची आणि काही दिवसांपुरतीच. पुढे ती फुलांकडे वळते.

आपल्याला मधमाश्यांच्या संदर्भात दोनच काढणी ठाऊक: मध काढणं आणि इमारतीवरचं आग्याचं पोळं काढणं. दुसऱ्या प्रकारात बहुधा रात्री औषध मारून माश्याच संपवतात. त्याला काढणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरी काढाकाढ पेटीच्या आत चालते. अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगात अळी मेणाच्या झाकणाखाली सडते. काही वसाहती ती वेळीच बाहेर टाकतात, काही तशीच राहू देतात. अमेरिकेत वॉल्टर रोथेनब्युलर या संशोधकानं अशा दोन वाणांचा संकर केला. संकरित माश्या काहीच साफ करेनात. मग तो संकर पुन्हा स्वच्छ वाणाशी जुळवला. 1964 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: 29 वसाहतींपैकी 6 जणींनी झाकण उघडून मेलेली अळी बाहेर टाकली, 9 जणींनी झाकण उघडलं आणि अळी तिथंच ठेवली, 14 जणींनी हातही लावला नाही. या 14 वसाहतींतली झाकणं त्यानं स्वतः काढून दिली, तेव्हा त्यांतल्या 6 जणींनी अळ्या मुकाट्यानं उचलल्या! म्हणजे उघडणं वेगळं आणि उचलणं वेगळं. दोन कामांना दोन जनुकं, हा त्याचा हिशेब पुढे टिकला नाही, जनुकं बरीच निघाली. पण त्या 9 वसाहती कोणाच्या ओळखीच्या नाहीत? फ्रीजमधला डबा उघडायचा, वास घ्यायचा आणि पुन्हा आत सारायचा, ही घराघरातली रीत आहे.

आपली वसाहत यांतली कुठली, हे तपासायची पद्धत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या मार्ला स्पिव्हाकनं रुळवली. तीन इंच व्यासाचा नळीचा तुकडा, आत कोष असलेल्या बंद घरांच्या चौकटीवर ठेवून पोळ्याच्या मधल्या पडद्यापर्यंत दाबायचा. कमी दाबला तर कडेनं गळती होते. आधी थोडा द्रवरूप नायट्रोजन ओतायचा, तो आटला की उरलेला. सगळा मिळून साधारण 300 मिली. त्या गारठ्यानं आतले कोष मरतात. आपल्याकडे गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी ठेवतात तोच. नळी गोठून चिकटते, म्हणून दहा मिनिटं थांबल्याशिवाय ओढायची नाही, नाहीतर पोळंच फाटतं. चोवीस तासांनी मोजायचं: 95 टक्के घरं रिकामी झाली तर वसाहत स्वच्छ. मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या पोळ्यात त्या वर्तुळात सुमारे 160 घरं बसतात, आपल्या देशी सातेरीची घरं लहान म्हणून जास्त. आधीपासून रिकामी असलेली घरं सुरुवातीलाच मोजून ठेवावीत, नाहीतर माश्यांना फुकटचे गुण मिळतात. नायट्रोजन नसेल तर बारीक टाचणीनं कोष टोचतात, पण त्यातून पाझरणारा रस माश्यांना आयता सुगावा देतो, आणि आळशी वसाहतही हुशार ठरते.

एवढं झाल्यावर वाटतं, जी जास्त काढते ती चांगली. इथं सातेरी घोटाळा करते. व्हरोआ हा गोचिडासारखा परजीवी जीव मुळात तिच्याच अंगावरचा. कामकरी माश्यांच्या घरात तो शिरला तर ती कोष उपसून टाकते. नराच्या घरावरचं झाकण मात्र टणक, मध्ये एक बारीक भोक असलेलं. आत व्हरोआ फार झाले की अशक्त नराला ते फोडता येत नाही आणि बाहेरच्या कामकरीही ते उघडत नाहीत. नर आणि व्हरोआ दोघं आतच संपतात.

नव्या मधपाळाला अशी न फुटलेली घरं दिसली की सफाईची सुरसुरी येते. चाकू लावू नये. आतले व्हरोआ जिवंत असले तर ते मोकाट सुटतील.