प्रबंधाची 160 पानं, संपलेलं लायसन्स आणि माझे एंटर

प्रबंध जमा करायला 19 दिवस राहिले होते. सकाळी फाईल उघडली, चौथ्या प्रकरणात एक वाक्य घालायचं होतं, कर्सर लुकलुकतोय पण अक्षरच उमटेना. मला वाटलं कीबोर्ड गेला, म्हणून नोटपॅड उघडून कखगघ टाईप करून बघितलं, तिकडे सगळं व्यवस्थित. मग वर नजर गेली तर तिथे पट्टी, लायसन्सची मुदत संपली आहे, फाईल वाचता येईल पण बदल करता येणार नाहीत. माझीच फाईल, माझ्याच लॅपटॉपवर, आणि मी फक्त वाचायची!

झालं होतं असं की कोर्स चालू असताना विद्यार्थी म्हणून ते लिहिण्याचं विकतचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं होतं, कोर्सची वर्षं संपली आणि प्रबंध मात्र रेंगाळला (तो कुणाचा रेंगाळत नाही म्हणा). वर्षाचे पैसे किती ते बघितलं आणि विंडो बंद केली. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, क्रॅक टाकून देतो, म्हणजे लायसन्स न घेता चालेल, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं नको रे बाबा, ज्या लॅपटॉपवर चार वर्षांचं काम आहे त्यावर कुठल्यातरी अनोळखी साईटवरची फाईल अँटीव्हायरस बंद करून चालवायची, एवढी हिंमत माझ्यात नाही.

आधी सोपा रस्ता धरला, ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर. अकाउंट असलं की फुकट, आणि खरं सांगायचं तर अर्ज, पत्र, चार-पाच पानांचा लेख एवढंच काम असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायचीही गरज नाही. दोघांनी एकाच वेळी एकाच फाईलवर काम करायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. पण माझी 160 पानं, तळटीपा, तक्ते, स्क्रोल करायला गेलं की पान दमल्यासारखं मागून यायचं. त्यात दुपारी नेट गेलं. ऑफलाइनची सोय असते, पण ती नेट चालू असतानाच आधी सुरू करून ठेवावी लागते, हे मला नेट गेल्यावर कळलं.

मग शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधलं एका फुकट सॉफ्टवेअरचं नाव आठवलं, ओपनऑफिस. टाकलं, फाईल उघडली, वाक्य घातलं, सेव्ह ॲज केलं आणि यादीत डॉकएक्स (वर्डच्या फाईलचा नेहमीचा फॉरमॅट) शोधत बसले. नाहीच. वर्डचं जुनं डॉक आहे, ओपनऑफिसचा स्वतःचा फॉरमॅट ओडीटी आहे, पण डॉकएक्स उघडता येतं, त्यात सेव्ह करता येत नाही. माझ्या गाईड सरांना तर डॉकएक्सच हवं. तेव्हा जरा वाचलं तर सगळी वंशावळच निघाली, की सन कंपनीने 1999 मध्ये स्टारऑफिस घेतलं, 2000 मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला, तेच ओपनऑफिस, मग 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली, त्याच वर्षी बरेच डेव्हलपर बाहेर पडले आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं. ओपनऑफिस 2011 मध्ये अपाचे या संस्थेकडे गेलं. म्हणजे नाव जुन्याचं माहीत असतं सगळ्यांना, पण काम पुढे गेलंय ते लिब्रेऑफिसचं. माझ्यासारखा अर्धा दिवस घालवू नका.

डाऊनलोड करताना एक करा, सर्चमध्ये सगळ्यात वर ज्या जाहिराती येतात त्यांच्यावर क्लिक करू नका, थेट लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग टाईप करा. डाऊनलोड दाबलं की देणगीचं पान समोर येतं, मी दोन मिनिटं तिथेच थबकले, वाटलं पैसे भरल्याशिवाय मिळत नाही. खाली बघितलं तर डाऊनलोड कधीच सुरू झालेलं. अकाउंट नको, ईमेल नको, मुदत नाही.

फाईल उघडली आणि पानं झाली 171.

पोटात गोळा. प्रकरण तिसरं पानाच्या मध्यावर सुरू होतंय, एका तक्त्याचं शीर्षक एका पानावर आणि तक्ता दुसऱ्यावर. मनात म्हटलं फुकट ते फुकटच शेवटी. मग एक गोष्ट दिसली, इंग्रजी संदर्भांवर कर्सर ठेवला की वर फॉन्टचं नाव तिरक्या अक्षरात दिसत होतं. त्याचा अर्थ तो फॉन्ट लॅपटॉपवर नाही, त्याच्या जागी दुसरा काहीतरी लावून दाखवतोय. माझा फॉन्ट त्या विकतच्या सॉफ्टवेअरबरोबरच आलेला होता. संदर्भ सगळे लिबरेशन सेरिफमध्ये केले, याची अक्षरं रुंदीला टाइम्स न्यू रोमनएवढीच असतात त्यामुळे समोरच्याकडे टाइम्स असलं तरी ओळी हलत नाहीत. मराठी मजकुराचा फॉन्ट मात्र याने बदलत नाही, स्टाईलमध्ये (म्हणजे शीर्षक, परिच्छेद यांचा फॉन्ट, आकार, अंतर एकदाच ठरवून ठेवायची सोय) देवनागरीसाठी वेगळा कप्पा असतो, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट नावाचा, आणि तो टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर चालू आहे का ते बघावं लागतं. हे माहीत नव्हतं म्हणून मी तासभर वरचा आकडा 12 चा 14 करत होते आणि मराठी ढिम्म हलत नव्हती.

एवढं करून पानं 168. अजून आठ जास्त.

रात्री कुठेतरी वाचलं की कंट्रोल एफ10 दाबलं की लपलेली चिन्हं दिसतात. दाबलं. आणि खरं सांगते, लाज वाटली. प्रकरण तिसऱ्याच्या वर उलट्या पी सारखी ती एंटरची चिन्हं एकाखाली एक, मोजली तर 23. नवीन पान हवं म्हणून मी 23 वेळा एंटर मारले होते! तक्ते नव्हतेच काही ठिकाणी, स्पेसबार दाबून दाबून आकडे एकाखाली एक आणलेले. शीर्षकं हाताने ठळक केलेली. आणि अनुक्रमणिका, ती तर मी टाईप केली होती, टिंबं टिंबं टिंबं आणि पुढे पान नंबर. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं बरोबर दिसत होतं कारण तिथेच डोळ्यांनी बघून बसवलेलं, जरा फॉन्ट हलला की पत्त्यांचा बंगला. म्हणजे मी दिवसभर ज्याला शिव्या घातल्या त्याची काही चूक नव्हती.

मग दोन दिवस फक्त साफसफाई. आधी फाईलची कॉपी काढून ठेवली (हे विसरू नका). कंट्रोल एच दाबून फाईंड अँड रिप्लेस, त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन्सवर टिक, शोधायच्या चौकटीत ^$ (म्हणजे रिकामी ओळ) आणि बदलायची चौकट रिकामी, रिप्लेस ऑल. सगळ्या रिकाम्या ओळी एका फटक्यात गायब, सगळं प्रकरण एकमेकांना चिकटून आलं, क्षणभर धस्स झालं. मग एकेका प्रकरणाच्या आधी कंट्रोल एंटर, म्हणजे खरा पेज ब्रेक. एफ11 ने स्टाईलची पट्टी उघडून प्रकरणाच्या नावाला हेडिंग 1, पोटशीर्षकाला हेडिंग 2, परिच्छेदांमधलं अंतर स्टाईलमध्येच. कंटाळवाणं काम आहे, गाणी लावून केलं. शेवटी इन्सर्टमधून अनुक्रमणिका टाकली तर ती आपली आपण तयार झाली, नंबरांसकट. मी ती तीनदा पुसून तीनदा टाकली, नुसती मजा म्हणून. पानं 157.

सरांच्या कॉमेंट्सची भीती होती, पण त्या समासात जशाच्या तशा दिसल्या, त्यांनी केलेले बदलही रंगीत, एकेक ॲक्सेप्ट रिजेक्ट करता आले. घोळ मी घातला. डॉकएक्स सेव्ह करताना दरवेळी विचारतं की हाच फॉरमॅट ठेवू का ओडीएफ (म्हणजे ओडीटीच), आणि घाईत मी चुकीचं बटण दाबून तसंच पाठवून दिलं. सरांचा फोन, "अगं, हे ओडीटी काय पाठवलंस? माझ्या फोनवर उघडत नाहीये." तेव्हापासून नियम केला, माझी मूळ फाईल ओडीटीमध्येच आणि सरांना पाठवायच्या वेळी तिची डॉकएक्स कॉपी. त्याच त्याच फाईलला दोन फॉरमॅटमध्ये इकडून तिकडे ढकललं की बारीकसारीक गोष्टी बिघडत जातात.

पाठवण्याआधी ती कॉपी एकदा ओन्लीऑफिस नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघायचे. तेही फुकट मिळतं आणि त्याचा आतला फॉरमॅटच डॉकएक्स आहे, त्यामुळे समोरच्याला साधारण कसं दिसेल याचा अंदाज येतो. मग तेच का नाही वापरलं? वापरलं असतं, दिसायलाही ते जास्त ओळखीचं वाटतं, पण तोपर्यंत माझा हात लिब्रेऑफिसवर बसला होता. लिब्रेऑफिसचे मेनू जुनाट वाटत असतील तर व्ह्यूमध्ये यूजर इंटरफेस आहे, तिथे टॅब्ड निवडलं की वरची पट्टी सवयीची होते. मला हे प्रबंध संपल्यावर दिसलं.

छपाईसाठी पीडीएफ लिब्रेऑफिसमधूनच काढली आणि सरांना पाठवली, मुदतीच्या दोन दिवस आधी. संध्याकाळी मेसेज आला, "पान नंबर सगळे जुळतायत. या वेळी कोणाकडून करून घेतलंस?"