समोर बाप्पा, लक्ष चिबडावर

यंदा चवथीला डिचोलीच्या घरी रात्रीची आरती चालू होती आणि माझी नऊ वर्षांची पुतणी पूर्ण वेळ हात जोडून गणपतीकडे बघत उभी होती, मी तिच्या शेजारीच होतो म्हणून खात्रीने सांगतो, मान हलली नाही की काही नाही. आरती संपल्यासंपल्या म्हणते, काका, माटोळीतला तो कडेचा चिबूड सुटतोय. माटोळी म्हणजे आमच्या गोव्यात गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगलेली चौकट, आणि चिबूड हे खरबुजासारखं फळ. आई, म्हणजे तिची आजी, लगेच ओरडली, आरतीत लक्ष कुठे होतं गो तुझं, समोर बघायचं ना! तर ही रडवेली होऊन, मी समोरच बघत होते गो आजी.

स्टुलावर चढून बघितलं तर गाठ खरंच सैल झालेली. ती बांधली. पण पोरीचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण ती शंभर टक्के खरं बोलत होती आणि तरी बोलणी खाल्ली. मी हायर सेकंडरीला बायोलॉजी शिकवतो, नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पुस्तकातून माहीत होतं, घरात असं डोळ्यासमोर पहिल्यांदाच बघितलं.

जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे स्वतःवर करून बघितलं होतं. अंधाऱ्या पेटीत अक्षरं लावलेली, मधे सुईएवढं भोक, नजर त्या भोकावर खिळवायची आणि मनात आधीच ठरवायचं की आता अमुक बाजूची अक्षरं बघणार. मग विजेची ठिणगी पाडायची, डोळा हलायलाही वेळ मिळणार नाही इतकी क्षणभरची. ज्या बाजूला लक्ष ठेवलं तिथलीच अक्षरं त्याला वाचता यायची. डोळा जागचा हलला नाही, मग मेंदूत काय हललं? हे कळायला पुढे खूप वर्षं गेली.

1985 मध्ये मोरान आणि डेसिमोन या दोन शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूत, दिसलेल्या गोष्टींवर काम करणाऱ्या व्ही ४ नावाच्या भागातल्या एकेका न्यूरॉनचे, म्हणजे मेंदूपेशीचे, विजेचे इशारे ऐकले. प्रत्येक न्यूरॉनला समोरच्या दृश्याची एक ठरलेली खिडकी असते, तेवढ्याच जागेतलं त्याला दिसतं. डोळ्याकडून माहिती आधी पोचते त्या भागात ही खिडकी अगदी लहान, व्ही ४ मध्ये बरीच मोठी, इतकी की एकाच खिडकीत दोन वस्तू सहज मावतात. आमच्या माटोळीत चिबडाला लागूनच तोरिंजन, म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं फळ, होतं, तसंच समजा. एका न्यूरॉनच्या खिडकीत चिबूड आणि तोरिंजन दोन्ही, आणि हा न्यूरॉन चिबूड दिसला की जोरात उडतो, म्हणजे भराभर इशारे सोडतो, तोरिंजनाला फारशी दाद देत नाही. आता नजर तिथेच ठेवून माकडाने नुसतं लक्ष तोरिंजनावर नेलं की त्या न्यूरॉनचा जोर एकदम खाली येतो, जणू चिबूड तिथे नाहीच, खिडकीत लटकत असून! मला हे वाचून दर वेळी शहारा येतो. आपण समजतो डोळ्याने सगळं आत आणलं आणि मग मनाने त्यातलं निवडलं, पण इथे बघणारा न्यूरॉनच बदललाय.

आणि हुकूम कुठून येतो? 2003 मध्ये मूर आणि आर्मस्ट्राँग यांनी माकडांच्याच मेंदूत कपाळामागच्या, डोळे फिरवणाऱ्या भागात अगदी हलका करंट दिला, डोळा फिरणार नाही इतका हलका. डोळा नाहीच फिरला, पण तो जिथे फिरला असता तिथली वस्तू बघणारे व्ही ४ चे न्यूरॉन जास्त उडायला लागले. म्हणजे पुतणीच्या मेंदूतही चिबडाकडे बघायची तयारी झालेली असणार, फक्त डोळ्यांना तिने सोडलं नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात आवडते, आणि ती आरतीवरूनच नीट कळते. आमच्याकडे घुमट हे मातीचं वाद्य वाजायला लागलं की वीस-पंचवीस जण एकदम म्हणतात, कोणाचा सूर इकडे कोणाचा तिकडे, ते एकमेकांत जिरून जातं, ऐकायला गोडच लागतं. पण पुढे म्हणणाऱ्याने कडवं गाळलं की सगळे मिळून गाळतात, मग पन्नास माणसं आणा, उपयोग नाही. न्यूरॉनचंही तसंच, प्रत्येकजण थोडा चुकतोच, पण सगळे एकाच बाजूला चुकले तर सरासरी काढूनही चूक जात नाही. कोहेन आणि मॉन्सेल यांनी 2009 मध्ये दाखवलं की लक्ष गेल्यावर व्ही ४ मधलं हे एकत्र चुकणं कमी होतं, आणि लक्ष दिल्यावर माकडाला समोरच्या चित्रातला बदल जास्त चांगला ओळखता येतो त्यात न्यूरॉन जोरात उडण्यापेक्षा याचा वाटा मोठा आहे.

हे सगळं दुसऱ्या दिवशी दुपारी सोप्यावर बसून मी आईला सांगितलं, माकडं वगळून. पुतणीला समईच्या ज्योतीकडे बघायला लावलं आणि बाजूला बोटं धरली, तिने न चुकता सांगितली, तीन, मग दोन. आई गप्प बसून बघत होती. मग पदर सावरून तिच्या जागी येऊन बसली आणि ज्योतीवर नजर लावून मला म्हणाली, धर बघू, मला दिसतायत का ते.