हिरवे पाणी आणि पहाटेचे मासे

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठाने फिरताना भाच्याने विचारले, "मामा, शेवाळ हिरवे असते, म्हणजे ते ऑक्सिजन सोडणारच. मग शेवाळाने भरलेल्या पाण्यातच मासे गुदमरून का मरतात?" प्रश्न बिनतोड होता. त्या दिवशी मी चालता चालता जे अर्धेमुर्धे उत्तर दिले, ते येथे नीट मांडतो.

मासा कल्ल्यांवाटे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो, आणि हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तेवढ्याच गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९ मिलिग्रॅम विरघळतो आणि पाणी ३० अंशांपर्यंत तापले की साडेसातच. म्हणजे उष्म्यामुळे माशाच्या शरीराची गरज ज्या दिवसांत वाढते, नेमके त्याच दिवसांत पाणी हात आखडता घेते.

आता शेवाळाकडे वळू. दिवसा ते ऑक्सिजन सोडते हे खरेच. भर दुपारी हिरव्यागार पाण्यात तो नेहमीच्या मर्यादेपेक्षाही अधिक आढळू शकतो. परंतु श्वसन वनस्पतीही चोवीस तास करतात, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. सूर्य मावळला की ऑक्सिजनची निर्मिती थांबते, आणि शेवाळ, जिवाणू, किडे व मासे हे सारे रात्रभर एकाच साठ्यावर जगतात. त्यामुळे पातळी सर्वांत खाली जाते ती पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात तेही बहुधा याच वेळी. अशा पाण्याचा नमुना फक्त दुपारी घेऊन ते सुस्थितीत असल्याचे जाहीर करणे म्हणजे पगाराच्या दिवशी खिसा चाचपून महिन्याचा हिशेब सांगण्यासारखे आहे. शिवाय हे शेवाळ मरून तळाशी गेले की ते कुजवणारे जिवाणूही ऑक्सिजनच वापरतात.

एवढे शेवाळ माजते कशामुळे, याचे उत्तर आपल्याकडील कोणताही ऊस उत्पादक शेतकरी देऊ शकेल. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी असेल तर नुसता युरिया ओतून पीक वाढत नाही. जे पोषकद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत तोकडे, तेच वाढीची सीमा ठरवते. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी प्रसिद्ध केलेला हा नियम तळ्यालाही लागू पडतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९७३ साली संशोधकांनी एका तलावाचे पडदा लावून दोन भाग केले. एका भागात नत्र (नायट्रोजन) व कार्बन घातला, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरदही. स्फुरद मिळालेला भाग हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. गोड्या पाण्यात बहुतेक वेळा तोकडे असते ते स्फुरदच, आणि सांडपाण्यातून व शेतातून वाहून येणाऱ्या खतातून आपण तेच पाण्याला पुरवतो. या प्रक्रियेला शास्त्रात सुपोषण म्हणतात. शब्द शब्दशः बरोबर असला तरी मला तो फसवा वाटतो. अतिपोषण म्हटले असते तर निम्मे स्पष्टीकरण वाचले असते.

पंचगंगा नदीच्या बातम्यांत ज्याचा उल्लेख वारंवार येतो, त्या मळीमिश्रित पाण्याला मात्र शेवाळाचीही मध्यस्थी लागत नाही. त्यातील सेंद्रिय द्रव्यांवर जिवाणू थेट तुटून पडतात आणि ते खाताना ऑक्सिजन संपवतात. ही भूक मोजण्याचे माप म्हणजे बीओडी: पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून अंधारात, ठरावीक तापमानाला, ठरावीक दिवस ठेवायचा आणि ऑक्सिजन किती घटला ते पाहायचे. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्याकडील निकष आहे. वाहती नदी खळाळताना हवेतून ऑक्सिजन घेत राहते. परंतु उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असताना मागे तुंबलेले, तापलेले, उथळ पाणी ही भरपाई पुरेशा वेगाने करू शकत नाही.

जलपर्णी हे याच अतिपोषणाचे दुसरे रूप. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती पाण्यावर गालिचा पसरते, त्यामुळे खाली ना उजेड पोहोचतो, ना पुरेशी हवा. ती काढणे योग्यच. मात्र काढलेले ढीग काठावरच कुजू दिले, तर तिने शोषलेले स्फुरद पहिल्या पावसाबरोबर पुन्हा पाण्यात उतरते.

"मग नाले बंद केले की तळे लगेच निवळेल?" भाच्याचा पुढचा प्रश्न. त्यालाही तळाचा गाळ आडवा येतो. वर्षानुवर्षे साचलेले स्फुरद गाळातील लोहाशी बांधलेले असते आणि तळाशी ऑक्सिजन संपला की ते सुटून पुन्हा पाण्यात मिसळते. म्हणून बाहेरून येणारे सांडपाणी पूर्ण थांबल्यानंतरही अशी तळी कित्येक वर्षे हिरवी राहू शकतात.