फिचिनोच्या मागावर फ्लॉरेन्स : करेज्जीला जायचं का?

फिचिनो हा पंधराव्या शतकातला, प्लेटोची भाषांतरं करणारा फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ. फ्लॉरेन्सच्या करेज्जी या उपनगरात त्याची, प्लेटोच्या नावाची 'अकादमी' बघायला मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्हाला एका गाइडने हेच सांगितलं आणि अर्ध्या दिवसाचे भरमसाट पैसे घेतले. स्टेशनजवळून टी१ ट्राम थेट तिथे जाते, साध्या तिकिटात. गाइड लागतच नाही.

उतरलात की समोर प्रचंड मोठं हॉस्पिटल. पार्किंग, अॅम्ब्युलन्स, भर उन्हातला चढ, सावली नाही, पाट्या सगळ्या वॉर्डांच्या. हा टप्पा अंत पाहतो. शेवटी फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याचा व्हिला आला, तर दुरुस्तीसाठी बंद! आणि अकादमी नावाची इमारत इथे कधी नव्हतीच. १४६० च्या दशकात कोझिमो मेदिचीने आपल्या वैद्याच्या मुलाला, मार्सिलिओ फिचिनोला, या भागात एक घर आणि प्लेटोची ग्रीक हस्तलिखितं दिली. बाकी सगळं भाषांतर, पत्रं आणि मित्रांच्या गप्पा. व्हिला उघडा असल्याची खात्री झाल्याशिवाय जाऊ नका.

तरी त्या बंद गेटापाशी मी बराच वेळ थांबलो. प्लेटोने प्रेमावर लिहिलेल्या संवादावर फिचिनोने १४६९ मध्ये भाष्य लिहिलं, त्यात ज्या मेजवानीत मित्र प्रेमावर बोलतात ती इथलीच. फिचिनो म्हणतो, प्रेम म्हणजे सौंदर्याची ओढ, आणि सौंदर्य कळतं डोळ्यांना, कानांना, बुद्धीला, स्पर्शाला नाही. प्रेम करणारा स्वतःपुरता मरतो आणि दुसऱ्यात जगतो. समोरच्याने उलट प्रेम केलं नाही तर तो खुनी! इतकं धीट मी प्रेमाबद्दल दुसरीकडे वाचलेलं नाही.

वेळ कमी असेल तर करेज्जी सोडा आणि सान मार्को चर्च गाठा. शेजारच्या म्युझियमचं तिकीट यासाठी लागत नाही. डाव्या भिंतीत तत्त्वज्ञ पिको देल्ला मिरान्दोलाची कबर आहे. त्याचा मित्र, कवी बेनिव्हिएनीने फिचिनोच्या विचारांवर प्रेमकविता रचली, पिकोने तिच्यावर भाष्य लिहिलं. पिको १४९४ मध्ये गेला, बेनिव्हिएनी १५४२ मध्ये, आणि दोघे एकाच कबरीत आहेत. जिवंतपणी प्रेमाने ज्यांचे जीव जोडले, त्यांची हाडं मेल्यावर वेगळी राहू नयेत, असं तिथे लॅटिनमध्ये कोरलंय. मला तिथून हलवेना. अख्ख्या प्रवासात याच्या तोडीचं काही नाही.

फिचिनोचा अर्धपुतळा द्वोमोमध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य कॅथेड्रलमध्ये, उजव्या भिंतीवर. हातातलं पुस्तक वीणेसारखं धरलेलं. आत जायला पैसे लागत नाहीत, पैसे घुमटावर चढायचे. रांगेत कुणी तिकीट विकायला आला तर सरळ नाही म्हणा. उफ्फित्सी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असतं. तिथली चित्रकार बोत्तिचेल्लीची दालनं सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, नंतर नुसती डोकी दिसतात.