काका कुठंय?

लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो. म्हणजे दादरच्या फोटोवाल्याने खुळखुळा वाजवून वाजवून बाराव्या खेपेला टिपलेला तो फुगलेल्या गालांचा, रडून दमलेला चेहरा आमच्या लेकीला शाळेत जाऊ लागल्यावरही पुरवायचा आहे.

"एवढ्याशा पोरीला काय कळणार सिंगापूर? आठवणार तरी आहे का काही?" सासूबाईंसकट निम्म्या सोसायटीने विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. दोन वर्षं उलटल्यामुळे मांडीवर बसवून नेण्याची सोय संपली होती, सीटचे पैसे मोजायचे होते. सासूबाईंनी मात्र विचारता विचारताच मेतकुटाची पुडी आणि तुपाची बरणी बॅगेत कोंबली.

लेक अडीच वर्षांची आणि सिंगापूरचं घड्याळही आपल्यापुढे अडीच तास. तिथे रात्रीचे साडेअकरा झाले तरी तिच्या हिशेबाने नऊच. सकाळी सातला निघायचे सगळे बेत पहिल्याच दिवशी गुंडाळले. दहाला उठायचं, खोलीतल्या किटलीच्या पाण्यात भिजवलेल्या पोह्यांवर मेतकूट-तूप घालायचं आणि जमेल तिथे जायचं.

उतरलो होतो लिटल इंडियात. सेरंगून रोडवर फुलवाल्याकडे लटकणारे गजरे पाहून ती ओरडली, "दादर आलं!" साडेपाच तासांच्या विमानप्रवासाचं असं चीज झालं. पुढे फुटपाथवर साळुंक्या दिसल्या, त्यांच्यामागे वीस मिनिटं. साळुंकी शिवाजी पार्कातही असते हे मी सांगू पाहत होते. पण तिला देश बदलल्याचं काही नव्हतंच, साळुंकी मिळाली एवढंच होतं.

तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली असं समजतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या घराण्यातला माझा नवरा हे पाहून गहिवरला. तेवढ्यात लेकीने शेजारच्या टेबलावरचं पाकीट उघडून शांतपणे नाक पुसलं. टेबलाचे मालक, एक चिनी आजोबा, हातात वाफाळतं ताट घेऊन मागे उभे. आम्ही माफी मागतोय तर ते हसत सुटले, खिशातून दुसरं पाकीट काढून त्यांनी तिच्या हातात दिलं आणि आम्हालाही आपल्याच टेबलावर बसवलं. आम्ही दोघंच असतो तर त्यांच्या टेबलावर बसून आम्हाला कोण जेवू घालणार होतं?

पण सहलीचं खरं प्रेक्षणीय स्थळ निघालं मेट्रोतलं. तिथे ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल फुकट. आमची ८८ सेंटिमीटर. डॉक्टरांच्या तक्त्यात ज्या आकड्याने मी महिनोन्‌महिने हळहळले, तोच इथे कामी आला. हार्बरफ्रंटहून पुंगोलकडे जाणारी जांभळी लाइन २००३ पासून चालकाशिवाय धावते. पुढच्या डब्यात मोटरमनची केबिनच नाही, तिथे सरळ काच. लेकीने काचेला नाक लावलं. समोर काळा बोगदा, अंगावर येणारे दिवे, वळणारे रूळ. दोन स्टेशनं ती गप्प होती. मग वळून म्हणाली, "काका कुठंय?"

"काका नाहीये. गाडी आपली आपण चालते."

हे तिला पटलं नाही. तिने सीटखाली वाकून पाहिलं. शेवटच्या स्टेशनला उतरून आम्ही त्याच लाइनने परत आलो, पुन्हा गेलो. त्या दिवशी गार्डन्स बाय द बे ही तिथली प्रसिद्ध बाग राहिली. नवरा आधी कुरकुरला, तिसऱ्या फेरीला मात्र काचेपाशी तिच्या बाजूला उकिडवा बसलेला होता. त्याचा बोगद्याकडे बघणारा तो चेहरा माझ्याकडच्या फोटोंमध्ये सगळ्यात चांगला आहे. मर्लायनसमोरचा, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेल्या तिथल्या पुतळ्यासमोरचा, आमचा तिघांचा फोटो आहे, त्यात तिघांचेही डोळे मिटलेले.

परतल्यावर आठवडाभराने दादरला स्लो लोकलची वाट बघत प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला उभ्या होतो. गाडी आली. मोटरमन खिडकीतून बाहेर डोकावत होता. लेकीने माझा हात जोरात ओढला आणि सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई, सापडला काका!"